पट्टीची परीक्षा

लघवी गरम पाहिजे. व्यसनमुक्ती केंद्रात कामाला लागल्यावर मावशी पहिल्यांदा काय शिकली असेल तर हे. मग तिचा तळहातच थर्मामीटर झाला. डबी हातात आली की ती सांगायची, ही आत्ताची, ही शिळी, आणि ही लघवीच नाही. गर्दुल्ल्यांचं डोकं बाकी कुठे चालो न चालो, डबी भरायच्या बाबतीत असं चालतं की भल्याभल्यांनी हात जोडावेत. कोणी नळाचं पाणी भरायचा, कोणी कोरा चहा पातळ करून आणायचा. एक बहाद्दर तर दुसऱ्याची लघवी फुग्यात भरून काखेत दाबून आला होता. ऊब राहावी म्हणून त्याने काख इतकी आवळली, की फुगा रांगेतच फुटला आणि शर्टाबरोबर त्याची अब्रूही भिजली.

म्हणून तर मोरीच्या दारात दुर्बीण उभा असायचा. दुर्बीण म्हणजे पहारेकरी. दिवसभर उभं राहून दुसऱ्यांचं मुतणं बघायचं, एवढीच त्याची नोकरी, म्हणून हे नाव पडलं. "बायको विचारते काय काम करता," तो सांगायचा, "मी म्हणतो, देखरेख."

मोरीच्या भिंतीला हातभर रुंदीची एक खिडकी होती. माणसाने दुर्बिणीसमोर डबी भरायची आणि हातातल्या नंबराच्या चिठ्ठीसकट खिडकीतून पलीकडे सरकवायची. पलीकडे मावशी. ती डबी हातात धरून ऊब बघायची, झाकण आवळायची, चिठ्ठीवरच्याच नंबराचा स्टिकर डबीला चिकटवायची आणि ट्रे भरला की तपासणीच्या खोलीत नेऊन ठेवायची. आता या सगळ्या कारभारात दुर्बीण माणसावर नजर ठेवायचा, डॉक्टरीणबाई पट्टीवर नजर ठेवायच्या, पण मधल्या त्या खोलीत मावशीवर नजर ठेवायला कोणी नव्हतं. मावशीवर कशाला ठेवायची?

मावशी तशी साऱ्या केंद्राचीच मावशी. झाडू तिचा, चादरी तिच्या, उलट्या काढायच्या त्याही तिनेच. मागच्या अंगाला एक खोली तिला राहायला दिलेली. आणि तिचा एकुलता एक लेक याच केंद्रात पेशंट होता. साहेबांनी, म्हणजे केंद्राच्या व्यवस्थापकांनी, तो दाखल झाला त्याच दिवशी दम भरला होता. "नातीगोती गेटाबाहेर. तो पेशंट, तू मावशी. त्यानेही तुला मावशीच म्हणायचं. काय रे?"

लेकाने नंदीबैलासारखी मान डोलावली. आणि पहिल्याच तपासणीला खिडकीतून डबी सरकवत केवढ्याने ओरडला, "घे आई, गरम चहा. बिनसाखरेचा आहे, तुला चालेल."

मावशीला साखरेचा आजार. ती लाजून लाल झाली, पलीकडे दुर्बीण हसून हसून भिंतीला टेकला. साहेबांच्या कानावर गेलं, आठवडाभर पोराचा टीव्ही बंद झाला. पण पोरगं कसलं ऐकतंय. रोज आईच. शिक्षा झाली तरी आई, जेवण कापलं तरी आई. खालच्या मजल्यावर पहिले दिवस काढताना हातपाय ताणून ओरडत होतं तेव्हाही आईच.

तर अशात डॉक्टरीणबाई एक नवी पट्टी घेऊन आल्या. बाई वयाने तरुण, स्वभावाने गरीब, आणि कामात अशा बुडालेल्या की केसात पेन खोचून पेन शोधत फिरायच्या. जेवणाच्या हॉलमध्ये त्यांनी सगळ्यांना बसवलं आणि पट्टी वर धरून दाखवली.

"स्वस्त आहे, झटपट आहे. लघवीत बुडवायची आणि जरा थांबायचं. दोन रेघा उमटल्या तर माणूस स्वच्छ. एकच उमटली तर गर्द."

"हे उलटं झालं की बाई," दुर्बीण म्हणाला. "जास्त पाप, जास्त रेघा असं पाहिजे."

"उलटंच आहे ते. लघवीत गर्द असला की दुसरी रेघ उठतच नाही. पण आधी बघायचंय की ही पट्टी खरं बोलते का. तिला दोन तऱ्हेने खोटं बोलता येतं. ओढणाऱ्याला सोडून देईल, नाहीतर न ओढणाऱ्याला धरेल. म्हणून तिच्यापुढे सगळ्या तऱ्हेची माणसं ठेवायची. सकाळीच ओढून दाखल झालेली, इथे राहून आता सुटायला आलेली, आणि जन्मात कधी न ओढलेली, म्हणजे तुम्ही कर्मचारी. पट्टी काय म्हणते ते बघायचं, आणि तीच लघवी सीलबंद करून मोठ्या मशीनकडे पाठवायची. मशीनच्या निकालाशी पट्टीचा निकाल जुळला की मग पट्टीला मार्क."

"आणि पेशंटला?" कोणीतरी विचारलं.

"पेशंटला काही नाही. मशीनचं उत्तर येईपर्यंत या पट्टीच्या शब्दावर कोणाला अडवायचं नाही, कोणाला सोडायचं नाही. साहेब, बरोबर ना?"

साहेबांनी मान हलवली. साहेबांची मान फार हलकी होती, समोर कोण आहे ते बघून हलायची.

मग बाईंनी कर्मचाऱ्यांना एकेक करून विचारलं, काही औषधं घेता का. मावशी म्हणाली, साखरेच्या गोळ्या, बास. खोकल्याचं तिच्या डोक्यातही आलं नाही. महिनाभर तिला खोकला धरला होता, कोपऱ्यावरच्या दुकानदाराने एक बाटली दिली होती, सकाळ-संध्याकाळ दोन झाकणं घेतली की छाती शांत व्हायची आणि झोपही बरी लागायची. त्याला कोणी औषध म्हणतं का? औषध म्हणजे डॉक्टर लिहून देतात ते. हे आपलं घशाखाली घालायचं काहीतरी.

इकडे मावशीच्या जिवाला वेगळाच घोर लागला होता. तिची सून. पोरगी चांगली होती, हे मावशी स्वतःच्या तोंडाने कबूल करायची, आणि सुनेबद्दल असं म्हणणारी सासू म्हणजे बघा. लेकाने घरातली भांडी विकली, तिचं मंगळसूत्र विकलं, पोरीची सायकल विकली, तरी ती टिकली. पण आता तिच्या भावाने लांबच्या गावी तिच्यासाठी काम बघितलं होतं, खोली बघितली होती, नातीची शाळा बघितली होती. जायचं की नाही, याचं उत्तर त्याला या रविवारी द्यायचं होतं. रविवार भेटीचा वार, आणि याच रविवारी लेक सुटायचा होता.

"आई, मी थांबेन," सुनेने मावशीला फोनवर सांगितलं होतं. "पण आता शपथा नकोत मला. त्यांच्या नकोत, तुमच्याही नकोत. साहेब म्हणाले नवी पट्टी आलीय, रविवारीच लावणार आहेत. ती काय म्हणते ते ऐकते आणि ठरवते."

म्हणजे झालं कसं बघा. पट्टीची परीक्षा अजून व्हायची होती, आणि साहेबांनी तिला आधीच न्यायाधीश करून टाकलं होतं.

मावशीला वाटायचं, पोरगा या वेळी खरंच सुटलाय. अंगावर मांस आलं होतं. दुपारी बिछान्यात पडायच्या ऐवजी केंद्राचे पंखे दुरुस्त करायचा. खिडकीतून डोळ्यांत बघून बोलायचा. मग शनिवारी कपडे धुताना त्याच्या पँटच्या खिशात तिच्या बोटांना काहीतरी लागलं. बाहेर काढलं तर चंदेरी पन्नी. नखाने घासून घासून गुळगुळीत केलेली, आरशासारखी, नीट चौकोनी घडी घातलेली.

गर्दुल्ल्याच्या आईला पन्नीचा अर्थ समजवावा लागत नाही. पन्नीवर पूड ठेवतात, खालून काडी लावतात, वरून नळीने धूर ओढतात. तिच्या घरात अशा पन्न्या कुठे कुठे सापडल्या नव्हत्या? उशीत, पिठाच्या डब्यात, नातीच्या बुटात. दर वेळी तो तिच्या गळ्याची शपथ घ्यायचा आणि दर वेळी तिचा गळा शाबूत राहायचा, म्हणून तर त्याला सवय लागली.

तिने त्याला विचारलं नाही. इथेच सगळं चुकलं, पण तिचंही बरोबर होतं. विचारून काय मिळणार? शपथ. तिने पन्नी चुलीत घातली आणि दिवसभर फरशी पुसत राहिली. फरशी इतकी पुसली की दुर्बीण म्हणाला, "मावशी, बास कर, तळघर दिसायला लागेल."

रविवारी सकाळी सगळ्यांच्या डब्या. आधी कर्मचारी, मग पेशंट. मावशीने बायकांच्या मोरीत जाऊन आपली डबी भरून आणली आणि टेबलावर ठेवली, पण तिच्यावर स्टिकर लावला नाही. ठरवून लावला नाही की विसरली, हे तिला पुढे स्वतःलाही सांगता आलं नाही. मग खिडकीपलीकडे ओळखीची चप्पल वाजली.

"घे आई, चहा. बिनसाखरेचा. आजचा शेवटचा, उद्यापासून घरचा प्यायचा."

डबी हातात आली. गरम होती, चांगली ताजी. मावशीने ती आपल्या डबीशेजारी ठेवली. रंग सारखाच, थोडं उन्नीस-बीस. बाहेर दुर्बीण पुढच्या माणसावर ओरडत होता, "अरे नळ सोडलाय का, घाई कर." मावशीने लेकाच्या नंबराचा स्टिकर सोलला आणि आपल्या डबीला चिकटवला. आपल्या नंबराचा लेकाच्या डबीला. अंगठ्याने दोन्ही दाबून बसवले.

तिचा हिशोब साधा होता. मी जन्मात गर्द ओढला नाही, तेव्हा त्याच्या नावावर दोन रेघा येणार. आणि माझ्या नावावर एक आली तर हसतील, म्हणतील पट्टी बावळट आहे, ही म्हातारी कुठली गर्द ओढतेय. ट्रे उचलताना तिला बऱ्याच दिवसांनी हलकं वाटलं.

दुपारी ती तपासणीच्या खोलीत केर काढायच्या निमित्ताने रेंगाळली. बाई एकेक पट्टी बुडवत होत्या, टेबलावर नंबरासमोर मांडत होत्या. सकाळी ओढून आलेल्यांच्या पट्ट्यांवर एकेकच रेघ. बाकी कर्मचाऱ्यांच्या पट्ट्यांवर दोन-दोन. बाई खूश होत्या, गुणगुणत होत्या. मावशीने आपला नंबर शोधला. दोन रेघा. ठसठशीत, पोराच्या वहीत मास्तरांनी मारल्यासारख्या.

म्हणजे पोरगा स्वच्छ होता.

तिने आनंदाने नंबर पुन्हा एकदा वाचून घेतला. झाडूच्या दांड्यावर हनुवटी टेकून ती उभी राहिली. मग तिची नजर लेकाच्या नंबरावर गेली.

एक रेघ.

ती बघत राहिली. दुसरी आता उमटेल, मग उमटेल. बाईंनीही ती पट्टी उचलून उजेडात धरली, तोंडाने चक् केलं, नवी पट्टी काढून पुन्हा बुडवली. पुन्हा एकच.

"बाई, असं कसं?" मावशीच्या तोंडून निघून गेलं.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं नंबर कोणाचा आहे ते. "मावशी, तुम्ही बाहेर थांबा. आणि धीर सोडू नका, मशीनचं उत्तर अजून यायचंय."

साहेब कुठले मशीनसाठी थांबतायत. बाई नको नको म्हणेपर्यंत ते पट्टी पाहून व्हरांड्यात पोचले होते. तिथे बाकावर सून बसली होती, शेजारी नात. नातीला घरात सगळे भिंगरी म्हणायचे, ती त्या बाकावर बसूनही फिरत होती. आणि समोर लेक उभा होता, दाढी करून, धुतलेला शर्ट घालून, बॅग भरून.

"एक रेघ आहे," साहेब म्हणाले. "दोनदा लावून बघितली."

"साहेब," बाई मागून आल्या, "ती पट्टी अजून परीक्षेला बसलीय. तिच्या शब्दावर..."

"तुमची परीक्षा तुमच्याकडे, बाई. मला केंद्र चालवायचंय."

लेक आधी हसला. खरंच हसला. "नाही हो साहेब, चुकलं असेल काहीतरी. माझ्या समोर लावा." मग त्याने सुनेच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू गेलं. "अगं, मी नाही घेतलेलं. हे बघ, माझ्याकडे बघ. तुझी शपथ..."

"शपथ नको," सून म्हणाली. ती चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. बराच वेळ उचलून धरलेलं ओझं खाली ठेवावं, तशी ती उठली आणि तिने पोरीचा हात धरला.

तेवढ्यात भिंगरीने दुसरी मूठ उघडून आजीला दाखवली. "आजी, बघ. बाबांनी केली." मुठीत चंदेरी होडी होती. चॉकलेटच्या पन्नीची, घासून आरशासारखी केलेली. "बाबांनी अजून एक करतो म्हटलंय. त्यांच्याकडे अजून पन्नी आहे."

मावशीने होडीकडे बघितलं. त्या पन्नीची राख अजून तिच्या चुलीत होती.

"आई," लेक तिच्याकडे वळला. "तू सांग हिला. तू रोज बघतेस मला. तू सांग."

आता तिला बोलायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं, की डब्या मी बदलल्या. पण त्या क्षणी तिच्या डोक्यात काय काय धावलं बघा. बदलल्या म्हटलं तर साहेब म्हणणार, का बदलल्यास? पोरगा ओढतो हे ठाऊक होतं म्हणून. सून म्हणणार, मायलेकरं एकाच माळेची. नोकरी जाणार, खोली जाणार. आणि ती माझी लघवी, तर माझ्यात गर्द कुठून आला? कोण खरं मानेल? पण हे सगळं वरवरचं. खाली एकच होतं. पोरगा समोर उभा राहून तिच्याकडे बघत होता, आणि त्याला सांगावं लागणार होतं की मी तुला गर्दुल्लाच समजले होते.

"आई, बोल ना."

"मी काय सांगू बाळा," मावशी म्हणाली. "पट्टी कशाला खोटं बोलेल?"

सुनेने ते ऐकलं, मान हलवली आणि निघाली. भिंगरी जाताना मागे वळून वळून बघत होती आणि होडी हलवत होती. लेक दोन पावलं मागे धावला, दुर्बिणीने त्याला कमरेला धरलं. "नको रे," दुर्बीण त्याच्या कानात म्हणाला, "आणखी हसं करून घेऊ नको."

पोराला खालच्या मजल्यावर टाकलं. खालचा मजला म्हणजे नव्या पेशंटांचा. लोखंडी जाळीचं दार, बादल्या, आणि रात्रंदिवस कोणीतरी कण्हत असतं. त्याची बॅग काढून घेतली, पट्टा काढून घेतला, पंखे दुरुस्त करायचा पेचकस काढून घेतला. "पुन्हा पहिल्यापासून," साहेब म्हणाले. पोरगा म्हणत होता, आणखी एकदा लघवी घ्या, आत्ता घ्या, सगळ्यांसमोर घ्या. साहेब म्हणाले, पट्ट्या अभ्यासाच्या आहेत, उधळायला नाहीत.

मावशी जाळीतून त्याचं ताट सरकवायची. पहिले काही दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. मग एकदा उठून जाळीशी आला, आणि तिला वाटलं, आता शिव्या देईल. ती वाटच बघत होती शिव्यांची.

"आई, एक सांगू? तुझ्यावर राग नाही माझा."

मावशी ताट धरून उभी.

"मी इतक्यांदा खोटं बोललोय तुझ्याशी, की तू तरी काय करणार. तुझ्या जागी मी असतो तर मीही पट्टीचंच ऐकलं असतं. तू त्रास करून घेऊ नको. गोळ्या घेतेस ना वेळेवर?"

"घेते."

"आणि खोकला?"

"बरा आहे."

तो जेवायला बसला. मावशी जिना चढून वर आली, मोरीत शिरली आणि तोंडात पदर कोंबून उभी राहिली. उद्या सांगते, असं तिने ठरवलं. उद्या ताट देताना सांगितलं की झालं. आणि उद्या आला की तो विचारायचा, जेवलीस का, आणि मग ते बोलणं परवावर जायचं. माफी एकदा आयती मिळाली की ती परत करायला माणसाचा हात उठत नाही. सून तोवर पोरीला घेऊन भावाकडे निघून गेली होती.

मशीनचं उत्तर आलं तेव्हा डॉक्टरीणबाई जवळजवळ धावतच आल्या. त्यांनी साहेबांकडून पोराला वर बोलावून घेतलं, आणि आईलाही ऐकू दे म्हणून मावशीलाही आत घेतलं. बाईंचा हेतू चांगला होता.

"गर्द नाही," बाई म्हणाल्या. "मशीन म्हणतं, अजिबात नाही. पट्टी चुकली. तुझ्या लघवीत खोकल्याच्या औषधातली एक वस्तू निघालीय. तीही अफूच्याच घराण्यातली. पट्टीला घराण्याचं नाक ओळखता येतं, माणूस ओळखता येत नाही. मला हवी होती तशीच चूक सापडली."

लेक खुर्चीतून अर्धा उठला. हसावं की रडावं ते त्याला कळेना. "बघितलंस आई? बघितलंस?" मग थांबला. "पण बाई, मी खोकल्याचं औषध घेतलेलंच नाही. मला खोकला कुठाय?"

"आठव जरा. घेतलं असशील कोणाकडून तरी. आणि दुसरं, हे महत्त्वाचं. तुझ्या लघवीत साखर आहे, भरपूर. तुझ्या वयाला चांगलं नाही. बोट दे इकडे."

त्यांनी सुई टोचली, थेंब घेतला, छोट्या यंत्रात बघितलं. कपाळाला आठ्या पडल्या. "ही तर अगदी छान आहे." त्यांनी केसातलं पेन शोधून काढलं, पुन्हा उत्तर चाळलं. "गंमतच आहे. आणि मावशी, तुमच्या लघवीत साखरेचा कण नाही. गोळ्या चांगल्याच लागू पडल्यात म्हणायचं."

आणि नेमका त्याच वेळी मावशीला खोकला आला. तिने दाबला, गिळला, पण छातीतून आलेला खोकला कुठे दाबला जातो. खोकत खोकत ती टेबलाला धरून वाकली. लेक तिच्याकडे बघत होता. पाठीवरून हात फिरवायला म्हणून त्याचा हात उठला होता, तो तसाच वर राहिला.

"माझा बिनसाखरेचा होता, आई," तो म्हणाला.

बाईंना जरा उशिरा उमगलं. त्यांनी एकदा मायलेकांकडे पाहिलं, एकदा कागदाकडे, आणि तोंडावर हात ठेवला. मग त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे या दोन्ही डब्या बाद." आणि दोन्ही नंबरांवर काट मारली. एवढी हवीहवीशी चूक हातची गेली, याचं वाईट त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. त्यांना त्याची लाजही वाटली असेल, पण काट मारताना रेघ सरळ आली.

"का?" लेकाने विचारलं.

"पन्नी सापडली होती," मावशी म्हणाली. "तुझ्या खिशात. मला वाटलं..."

"होडीची."

"हो."

"आणि त्या दिवशी व्हरांड्यात? तेव्हा तर तुला ठाऊक होतं."

मावशी पदराने टेबल पुसायला लागली. मग त्याने बाईंना नीट शब्दांत विचारलं, नवी पट्टी लावून मला सोडाल का. लावली. दोन रेघा आल्या. आता त्या बघायला बाकावर कोणी नव्हतं.

साहेबांच्या खोलीतून त्याने बायकोला फोन लावला. मावशी दारात फरशी पुसत होती, पुसायला काही नव्हतं तरी पुसत होती. त्याने सगळं सांगितलं, डब्या, स्टिकर, खोकला, साखर, काहीही न लपवता. मग पलीकडून सून जे बोलली ते फोनच्या बाहेरपर्यंत ऐकू आलं.

"तुम्ही खरं बोलताय, मानते मी. पण ज्या बाईने तुम्हाला जन्म दिला, रोज डोळ्यांनी बघितलं, तिला तुमचा भरवसा वाटला नाही. मी कुठून आणू?"

त्याने फोन अगदी अलगद खाली ठेवला, फुटेल म्हणून ठेवतात तसा.

साहेबांनी मावशीला काढलं नाही. दुसरी कोण उलट्या काढणार होती. फक्त डब्यांचं काम काढून घेतलं आणि "माझ्या चांगुलपणाचा फायदा घेतलास," असं वर ऐकवलं. मावशी हो म्हणाली. ती सगळ्यालाच हो म्हणत होती.

पोरगा निघाला तेव्हा ती गेटाशी उभी होती. खोलीत त्याच्यासाठी गादी घातली होती, त्याचं ताट घासून ठेवलं होतं. तो बॅग घेऊन आला. दुर्बिणीशी हात मिळवला. दुर्बीण म्हणाला, "परत तोंड दाखवू नको, आणि दाखवलंस तर वरचंच दाखव." तो हसला. मग मावशीसमोर उभा राहिला. चेहऱ्यावर राग नव्हता. वॉर्डातले बाकीचे सुटून जाताना तिच्याशी बोलायचे, तसाच तो बोलला, चांगल्या तोंडाने.

"येतो, मावशी. तब्येतीला जपा."

आणि रस्ता ओलांडून गेला. मावशी गेटाची जाळी धरून उभी राहिली. तो वळणावरून दिसेनासा झाला तरी उभीच.

दुर्बिणीने विडी पेटवली. "बघ मावशी," तो म्हणाला, "साहेब एवढे ओरडले, टीव्ही बंद केला, जेवण कापलं, तेव्हा ऐकलं नाही. शेवटच्या दिवशी बरा नियम पाळला पोराने."